मागच्या चाकाची हवा

लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ पावसानं तोंड फिरवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण आमच्या गावातली माणसं तो जोडायचीच. "जिल्हा आला अन् पानी घेऊन गेला," असं पारावर बसून सांगायची. मी त्याच जिल्ह्याच्या कचेरीत कारकून होतो, तेही टंचाई शाखेत, त्यामुळं गावी गेलं की गेलेल्या पाण्याचा जाब सगळे मलाच विचारायचे. कुठल्या गावाला टँकर द्यायचा, कुठल्या गावाची विहीर अजून टिकून आहे, असल्या कागदांत माझा दिवस जायचा.

मला मुळात बसवत नाही. चहा उभ्यानं पितो, जेवताना दोनदा उठतो, रांगेत पुढच्याच्या टाचेवर पाय देतो. "ह्याच्या पायाला भिंगरी हाय," असं अप्पा माझ्या लहानपणापासून म्हणायचे. अप्पा म्हणजे माझे वडील. ते अगदी उलटे. बैल पाण्यावर नेले तर त्यांचं पिऊन झाल्यावरही घटकाभर तिथंच उभे राहायचे, न जाणो एखाद्याला अजून दोन घोट हवे असतील.

त्या वर्षी विहिरीतला गाळ काढायला उतरताना अप्पा पायरीवरून घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. लातूरला आणलं, हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. काठी धरून खोलीतल्या खोलीत दहा पावलं टाकायचे, तेवढंच. डॉक्टरांनी बजावलं होतं की कमरेला धक्का बसता कामा नये. गावाकडं थोरला भाऊ शेती बघत होता. अप्पा माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत आले आणि दाराशी खाट टाकून रस्त्याकडं बघत बसले.

त्यांचा विरंगुळा एकच. आमच्या शेताच्या अलीकडं त्यांच्या बालपणीच्या दोस्ताचं शेत होतं. मी त्यांना काका म्हणायचो. काका दर बाजाराच्या दिवशी लातूरला यायचे, काही घ्यायचं असो वा नसो, आणि खाटेवर अप्पांच्या पायथ्याशी बसायचे. दोघं बोलायचे फार कमी. एक जण सुपारी कातरायचा, दुसरा खायचा. एवढ्या लांबून येऊन माणूस गप्प कसा बसू शकतो, हे मला कळायचं नाही, आणि ते बसले असताना मीच आतबाहेर करत राहायचो.

मार्गशीर्ष लागला तसं अप्पांनी एकच धोशा लावला. येळवशीला शेतात जायचं. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्या भागात घरात कुणी थांबत नाही. शेतात कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, भज्जी, उंडे, भाकरी आणि मातीच्या बिंदगीतून नेलेलं आंबील, आणि वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून जेवायला बोलवायचं. हाक आली की बांध ओलांडून जायचं असतं. पोट भरलेलं असलं तरी दोन घोट आंबील घ्यायचंच. वर्षभर तोंड न बघणारी माणसंसुद्धा त्या दिवशी एकमेकांच्या खोपीत दिसतात.

"अप्पा, औंदा शेतात हाय काय? नुसती ढेकळं," मी म्हणालो.

"ढेकळं तर ढेकळं. माजीच हायत. पुढच्या बारीला मी असंन का नसंन."

पण न्यायचं कसं? फाट्यापर्यंत एसटी जायची. फाट्यापासून आमचं शेत दोन कोस, सगळा कच्चा रस्ता. एरवी भावानं गाडी जुंपून आणली असती, पण बैल जनावरांच्या छावणीत होते, आणि गावात उरलेल्या दोन गाड्या पाण्याची पिंपं ओढण्यात गुंतलेल्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. राहिली माझी सायकल.

आणि सायकलीचं दुखणं असं की त्या रस्त्यावर ती दर खेपेला पंक्चर व्हायची. शेळ्यांना दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून लोक बाभळी छाटायचे आणि फांद्या रस्त्यानं ओढत घरी न्यायचे. पाला शेळ्यांच्या पोटात आणि काटे माझ्या टायरात. बोटाएवढे पांढरे काटे धुळीत पडलेले असायचे, वरून दिसायचेही नाहीत. एकदा दोन कोसांत तीनदा पंक्चर झालं होतं. मी एकटा असताना शिव्या देत सायकल ढकलली होती. पण मागं अप्पा असताना ऐन माळावर ट्यूब फुसकली तर? त्यांना उतरवायचं कुठं, पुन्हा चढवायचं कसं? या विचारानं माझी झोप उडाली. येळवशीला महिनाही उरला नव्हता आणि मी उतावळ्या नवऱ्यासारखा आत्ताच गुडघ्याला बाशिंग बांधून बसलो.

लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत एका मिस्त्रीचं सायकलीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, पाण्याची पाटी आणि वर टांगलेली टायरं. मिस्त्री वयानं मोठे, हाताला सोल्यूशनचा वास कायमचा. मी कचेरी सुटल्यावर रोज तिथं जाऊन उभा राहायला लागलो.

"काटा घुसणार नाही असं टायर द्या," मी म्हणालो.

"दूधवाल्यांचं घ्या. जाडजूड. काटा मोडंल पर आत जानार न्हाई."

ते घेतलं. मागच्या चाकावर चढवलं, दाबून हवा भरली आणि फाट्याच्या रस्त्यावर जाऊन आलो. खरंच पंक्चर झालं नाही. पण रस्त्यातला एकेक खडा माझ्या माकडहाडानं मोजला. सीटखाली स्प्रिंगा असून माझी ही गत, तर कॅरिअरवर बसणाऱ्याची काय होईल? त्या रात्री पाठीला शेक घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात.

तेवढ्यात कचेरीतल्या एका शहाण्यानं सांगितलं की टायरात हवाच कशाला भरायची, चिंध्या आणि जुन्या ट्यूबा ठासून भर, पंक्चर व्हायला आत काही राहतच नाही. मला ते एकदम पटलं. मिस्त्री नको नको म्हणत असताना मी हट्टानं तसं करून घेतलं. आगीतून फुफाट्यात पडलो. सायकल पुढं जायची तरी जड, आणि खड्ड्यात चाक गेलं की थेट मेंदूत कळायचं. गोलाईला एक चक्कर मारून मी परत आलो आणि सायकल त्यांच्यासमोर आपटली.

मिस्त्री हसले नाहीत. चाक काढून चिंध्या उपसत म्हणाले, "साहेब, तुमाला काटा बी नको अन् धक्का बी नको. दोनी एकाच चाकात मागायलात. मिळंल, पर अशी घाई करून न्हाई. मागं बसनार कोन?"

"माझे वडील. खुबा मोडलाय."

"वजन?"

मला सांगता येईना. "घरी जाऊन बघून या," ते म्हणाले. "हवा किती ठेवायची ते मानसावर हाय, टायरावर न्हाई. जास्त भरली तर म्हातारा हादरंल. कमी भरली तर दगडावर रिम टेकंल अन् ट्यूबला दोन भोकं पडतील, काट्याबिगर."

घरी आलो. अप्पांना काय सांगणार? खाटेवरची चादर बदलायची आहे म्हणालो आणि त्यांना दोन्ही हातांनी उचललं. मी कंबर कसून उचललं होतं, आणि ते भसकन वर आले. ज्वारीचं भरलेलं पोतं पाठीवर घेऊन माळवदाच्या पायऱ्या चढणारा हा माणूस, आता अर्ध्या पोत्याइतकाही भरत नव्हता. मला रडू आलं. चादर बदलायच्या निमित्तानं मी तोंड खाटेखाली घातलं.

"कशाला एवढं करायलास?" अप्पा म्हणाले. त्यांना सगळं कळत होतं.

मिस्त्रींना मी सांगितलं, अर्ध्या पोत्याहून थोडं कमी. त्यांनी मान हलवली, माझं नवं जाड टायर पुढच्या चाकावर चढवलं आणि मागच्यासाठी एका दूधवाल्याचं अर्धं झिजलेलं टायर काढलं. नवं जाड टायर ताठ असतं, वापरून थकलेलं नरम पडतं, पण त्याच्या आतलं सुती कापड शाबूत असेल तर काटा अडतोच, हे त्यांचं म्हणणं. आत घालायला दुसऱ्या एका पातळ जुन्या टायराच्या कडेच्या तारा कापून टाकल्या आणि मधला पट्टा घेतला. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये तो पट्टा बसवायचा. काटा बाहेरच्यातून आलाच तर पट्ट्यात अडकावा म्हणून.

मी म्हणालो, "बसवा की मग."

"कडा तासल्याबिगर?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बघितलं. पट्ट्याची कड जाड राहिली तर तीच ट्यूब कापते. काट्यापासून वाचवायला घातलेला पट्टाच आतून घात करतो. त्यांनी दगडावर पाणी टाकून ती कड कागदासारखी पातळ होईपर्यंत घासली. तासभर. मी त्या तासात चार चहा उभ्यानं प्यालो.

मग चाचणी. सीटवर मिस्त्री, आणि कॅरिअरवर फळी ठोकून, तिच्यावर चौघडी वाकळ टाकून मी. माझं वजन जास्त म्हणून हवाही थोडी जास्त. भर रस्त्यानं म्हातारा मिस्त्री जिल्ह्याच्या कचेरीतल्या कारकुनाला मागं बसवून चाललाय हे बघून पोरं ओरडत होती. पण गाडी मऊ चालली, खरंच. खड्डा यायचा तो जणू कुणीतरी आधी चावून मऊ केलेला. परत आल्यावर मिस्त्रींनी माझा अंगठा धरून टायरावर दाबला. "वडील बसल्यावर एवढा दबला पायजे. ह्याच्यापेक्षा जास्त न्हाई, कमी न्हाई. ध्यानात ठेवा."

ठेवलं. येळवशीच्या सकाळी सायकल एसटीच्या टपावर, अप्पा वाहकाशेजारच्या सीटवर, धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका. फाट्यावर उतरलो. अप्पांना फळीवर एका अंगानं बसवलं, सीटची दांडी त्यांच्या हातात दिली, अंगठा दाबून बघितला. बरोबर तेवढाच दबला. मी पायडल मारलं.

डोळे फक्त रस्त्यावर. पांढरा काटा दिसला की डावीकडं, दगड दिसला की उजवीकडं. आजूबाजूला काय आहे ते मी बघितलंच नाही म्हणा ना. कानांवर मात्र येत होतं. पहिल्याच शेतातून हाक आली, "या हो पाटील, आंबील घ्या!" मी मान न वळवता ओरडलो, "येताना, येताना!" पुढच्या शेतातून बाईमाणसाची हाक आली, "अवं, म्हाताऱ्याला घेऊन चाललाव, दोन घोट तरी!" "येताना!" मला वाटायचं, थांबलो, अप्पांना उतरवलं, पुन्हा चढवलं, त्यात एखादा झटका बसला, किंवा थांबल्या जागी काट्यावर चाक उभं राहिलं, तर महिनाभराची मेहनत वाया. एकदा चाललंय ते चालू दे.

काकांचं शेत आलं. काका खोपीजवळून उठून बांधाकडं पळत आले. हातात आंबिलाची पितळी होती. "ए गड्या! ए! थांब!" असं ओरडत होते. मागून अप्पांनी माझ्या सदऱ्याला हिसका दिला.

"थांब की रं."

"आलंच अप्पा, दोन मिनिटं. आपलं शेतच आलं." आणि काकांना मी मोठ्यानं सांगितलं, "येताना बसतो काका!" उतार होता, सायकल छान सुटली होती.

शेतात पोचलो. भाऊ, वहिनी, पोरं सगळी धावत आली. अप्पांना खोपीत सतरंजीवर टेकवलं. मी पहिली गोष्ट केली ती अशी की उकिडवा बसून मागचं टायर हातानं फिरवून बघितलं. पाच काटे अडकले होते, पाचही मोडलेले. एकही आत गेला नव्हता. मी भावाला दाखवलं, वहिनीला दाखवलं. मग अप्पांना विचारलं, "कसं काय अप्पा? दुखलं का कुठं?"

"न्हाई. पाण्यावानी आनलंस." ते खोपीबाहेर रस्त्याकडं बघत होते. "एखादं पंक्चर झालं असतं तर बरं झालं असतं. बसता आलं असतं कुटं कुटं."

मला राग आला. खरं सांगतो, भयंकर राग आला. महिनाभर मी काय काय केलं, कुणाकुणाचे पाय धरले, आणि वर हे ऐकायचं? आंबील हातात घेऊन मी बांधावर एकटाच फेऱ्या मारत राहिलो. त्या वर्षी आंबील पातळ होतं. ताक कुणाकडंच धड नव्हतं.

जेवून अप्पांना झोप लागली. उठवायला जीव झाला नाही. निघालो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. येताना थांबायचं मी मनाशी ठरवलं होतं, रागातसुद्धा. पण काकांच्या शेतापाशी आलो तर तिथं कुणी नव्हतं. माणसं गावात परतली होती. खोप उभी होती, पांडवांवरचा चुना वाळलेला.

"उतरीव मला," अप्पा म्हणाले.

उतरवलं. ते काठी टेकत खोपीपर्यंत गेले आणि तिथं खाली बसले. मी रस्त्यावर सायकल धरून उभा. शेवटची एसटी चुकली तर रात्र फाट्यावर काढावी लागणार होती. मी दोनदा हाक मारली. ते तिसऱ्या हाकेला उठले. फळीवर बसताना म्हणाले, "त्याला सांग, मी आलतो म्हनून. बसलो व्हतो म्हनून."

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी कचेरीत कागदांचा ढीग होता. कुठल्याशा गावच्या बायकांनी टँकर अडवला होता, सगळी शाखा पळत होती. मी पळण्यात हुशार. विसरलो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. अप्पा सकाळपासून दाराकडं तोंड करून बसायचे. "आज बाजार हाय न्हवं?" असं विचारायचे. मी म्हणायचो, "दुष्काळ आहे अप्पा, कशाला येतील उगीच?" मला ते खरंच वाटायचं. अप्पा सुपारी कातरून ठेवायचे, संध्याकाळी ती डबीत परत भरायचे. उन्हाळ्यात मी दोनदा त्याच सायकलीवर गावी गेलो. काकांच्या शेतावरून गेलो. काका दुरून दिसले, त्यांनी तोंड फिरवलं, आणि मला वाटलं उन्हामुळं त्यांना दिसलं नसेल. सायकल मस्त चालत होती, मी कशाला थांबतोय.

पाऊस आला तो उशिरा आला. अप्पा दिवाळीच्या आधी गेले, खाटेवरच, दाराकडं तोंड करून. माती आमच्या शेतात झाली. सगळा गाव आला होता. काकाही आले. सगळ्यांच्या मागं उभे राहिले, आणि माणसं पांगल्यावर पुढं येऊन त्यांनी मूठभर माती टाकली. ते हमसून रडायला लागले. मी त्यांना धरलं.

"वर्षभर आलो न्हाई मी," ते म्हणाले. "येळवशीला माज्या म्होरून गेला ना तो. रेणापूरला जाऊन ताक आनलं व्हतं रं त्याच्यासाठी. सांजंपोत्तर बिंदगी झाकून बसलो. वाटलं, जिल्ह्याच्या गावाला राहून आता आमचं आंबील त्याला ग्वाड लागत न्हाई."

"काका, अप्पा आले होते," मी म्हणालो. "त्याच दिवशी. दिवस मावळताना. तुमच्या खोपीत बसले होते. तुम्ही नुकतेच गेला होता."

काकांचं रडणं थांबलं.

"आन् हे मला सांगायचं कुनी व्हतं?"

"मी," मी म्हणालो.